जुना कपॅसिटर काढू नका, शेजारी दुसरा जोडा

आमचा बँड तिघांचा. ड्रम, बेस आणि मी. सोलोला ट्यूब स्क्रीमर (गिटारचा आवाज जोरकस आणि थोडा फाटका करणारं, पायाने दाबायचं पेडल) दाबला की माझी गिटार पुढे यायची, पण अंगाने बारीक होऊन. नुसती तार ऐकू यायची, लाकूड नाही. माझ्या गिटारला सिंगल कॉइल (मुळातच पातळ आवाजाचे) पिकअप आहेत, त्यामुळे हे जास्तच जाणवायचं. तरी ते पेडल विकायचा विचार कधी मनात आला नाही, कारण बोटाखाली ते जसं वागतं तसं दुसरं वागत नाही.

ते तसं का वागतं हे आधी समजून घ्या, मग सोल्डरिंग आयर्न तापवा. जपानमध्ये मॅक्सन कंपनीच्या सुसुमु तामुरा यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस हे सर्किट बसवलं आणि ते आयबानेझ या गिटार ब्रँडच्या नावाने विकलं गेलं. आत एक ऑप-अँप चिप सिग्नल वाढवते आणि दोन डायोड त्याचे शेंडे छाटतात. हे डायोड चिपच्या फीडबॅकच्या, म्हणजे बाहेरून परत आत येणाऱ्या वाटेवर आहेत, इथेच सगळी मजा आहे. अशा रचनेत बाहेर येणाऱ्या आवाजात तुमचा मूळ सिग्नल कायम मिसळलेला राहतो. म्हणून पिक हलकं मारलं की स्वर स्वच्छ, जोरात मारलं की क्रंच (करकरीत फाटका आवाज), आणि पिकचा पहिला ठोका कधीच बुडत नाही.

दुसरी गोष्ट खर्जाची. 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी एक जोडी तिथे बसवली आहे. या जोडीमुळे साधारण 720 हर्ट्झच्या खाली सिग्नल कमी कमी वाढवला जातो. गिटारची जाड ई 82 हर्ट्झवर वाजते, म्हणजे तिच्या वाट्याला फारच कमी गेन (वाढ) येतो. मेटल संगीतवाले ड्राइव्ह (आवाज किती फाटावा तो नॉब) शून्यावर आणि लेव्हल (आवाज किती मोठा तो नॉब) पूर्ण ठेवून हे पेडल तापलेल्या अँपपुढे लावतात, ते याच छाटणीसाठी, खर्जाचा चिखल होऊ नये म्हणून. अमेरिकन ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे व्हॉनने फेंडर अँपना ढकलायला हेच पेडल वापरलं. पण तिघांच्या बँडमध्ये तीच छाटणी उपाशी ठेवते.

म्हणून सुरुवात या कपॅसिटरपासून करा. लोक आधी चिप बदलतात. मीही सॉकेट बसवून दोन-तीन चिप ऐकल्या, आणि बँडमध्ये वाजवताना मला फरक सांगता आला नाही. ट्यूब स्क्रीमरच्या टीएस9 मॉडेलचे शेवटचे दोन रेझिस्टर बदलून जुनं 808 मॉडेल करतात (470 ओहमचा 100 ओहम, 100 किलोओहमचा 10 किलोओहम), तेही माझ्या कानाला पैशाचं काम वाटलं नाही. कपॅसिटरचा फरक मात्र पहिल्या पॉवर कॉर्डलाच (जाड तारांवरच्या दोन-तीन स्वरांच्या जोडीला) कळतो.

पहिल्या वेळी मी जुना कपॅसिटर उपसून काढायला गेलो. आयर्न जरा जास्त वेळ टेकवलं आणि तांब्याचा पॅड कपॅसिटरच्या पायासोबत उचकटून आला. छोटी वायर टाकून ट्रॅक जोडून घेतला, पेडल वाचलं, पण तेव्हापासून मी काही काढत नाही. शेजारी जोडतो. दोन कपॅसिटर समांतर जोडले की त्यांची बेरीज होते: 0.047 अधिक 0.047 म्हणजे 0.094. छाटणी 720वरून साधारण 360 हर्ट्झवर येते. मूळ पेडल जसंच्या तसं राहतं, आणि पुढे विकायचं झालं तर एक डाग उकलला की झालं.

पुण्यात पासोड्या विठोबाच्या गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला '473' छापलेला बॉक्स कपॅसिटर मागा. 473 म्हणजेच 0.047. पाच-सहा घेऊन ठेवा, किरकोळ पैशांत येतात.

आता काम. अडॅप्टर काढा, बॅटरीही काढा. नॉब ओढून घ्या, नट सोडवा, बोर्ड हळूच उलटा. जॅकच्या वायरींना हिसका बसू देऊ नका. बोर्डावर पिवळा-जांभळा-लाल पट्ट्यांचा रेझिस्टर शोधा, तो 4.7 किलोओहम. मल्टिमीटर बीपवर ठेवून त्याचं एक टोक 473च्या एका पायाला जोडलेलं आहे का बघा. बीप वाजलं की तोच आपला कपॅसिटर. सगळे भाग तांदळाच्या कणीएवढे, बोर्डाच्या पृष्ठभागावरच डागलेले (एसएमडी) असतील तर इथेच थांबा, घरच्या आयर्नने ते जमत नाही.

नव्या कपॅसिटरचे पाय आखूड कापा, त्यांना आधी थोडं सोल्डर लावून घ्या. मग बोर्डाच्या मागच्या बाजूने जुन्याच्या दोन्ही डागांवर ते टेकवा आणि 25 वॉटचं आयर्न दोन सेकंद, बस. या कपॅसिटरला प्लस-मायनस नसतं. डाग चकचकीत आणि पसरट दिसला पाहिजे. मळकट गोळा दिसला तर पुन्हा तापवा. पाय धातूच्या खोक्याला शिवू नयेत म्हणून वर इन्सुलेशन टेप लावा.

दोन्ही आवाज हवे असतील तर नव्या कपॅसिटरच्या एका पायाच्या वाटेत छोटा टॉगल स्विच घाला आणि स्विचच्या दोन टोकांवर 1 मेगाओहमचा रेझिस्टर जोडा. तो कपॅसिटरला भारलेला ठेवतो, नाहीतर स्विच टाकताना स्पीकरमधून धप्प आवाज येतो.

डायोडला हात लावायचाच असेल तर तो नंतर, वेगळ्या दिवशी. एका बाजूला एकाऐवजी दोन 1एन4148 ओळीने, काळी पट्टी एकाच दिशेला, म्हणजे शेंड्यांची छाटणी असमान होते, बॉस कंपनीच्या एसडी-1 पेडलसारखी. लाल एलईडी लावले तर आवाज मोठा आणि मोकळा होतो, पण तो लाडका दाबलेपणा जातो. मी एलईडी पंधरा दिवसांत काढून टाकले.

आणि खोलीत एकट्याने ऐकून निकाल देऊ नका. एकटं वाजवताना जादा खर्ज नेहमीच गोड लागतो. तालमीला ड्रम-बेससोबत एकच रिफ दोन्ही स्विचवर वाजवा, नॉबचा काटा घड्याळासारखा धरून ड्राइव्ह नऊवर, लेव्हल दोनवर, आणि मोबाइल ड्रमरच्या मागे ठेवून रेकॉर्ड करा. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये रिदमला जादा खर्ज हवा वाटला, सोलोला मात्र, माझ्या पहिल्या तक्रारीच्या उलट, मूळ 720च बरं. त्यामुळे माझा स्विच आता गाण्याच्या मध्येच बदलतो, आणि तो 1 मेगाओहमचा रेझिस्टर रोज उपयोगी पडतो.