पाळकसाहेब तीन महिने नसतील, तेव्हा : मंडळीची तयारी कशी करावी

आमची इंदूरची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान आहे. पाळकसाहेबांनी समितीपुढे विश्रांतीकाळाचा विषय काढला, तेव्हा पहिला प्रश्न आला, "बदली झाली का?" दुसरा, "तब्येत बरी आहे ना?" तिसरा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही, पण उपासनेनंतर पोह्यांच्या बशा हातात घेऊन दोघं-तिघं तोच बोलत होते : कुणाशी बिनसलंय का?

म्हणून सगळ्यात आधी, निदान सहा महिने अगोदर, कारण सांगा. वेदीवरून, स्वतः पाळकांनी, साध्या शब्दांत. ही आजारपणाची रजा नाही, बदली नाही, दुसरीकडची नोकरी शोधणंही नाही. प्रार्थना, वाचन, झोप आणि घरच्यांसोबत वेळ यासाठी हा काळ आहे. बायबलमधल्या लेवीयच्या २५व्या अध्यायात सातव्या वर्षी जमीनसुद्धा पडीक ठेवायला सांगितली आहे. मार्क ६:३१मध्ये शिष्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती, तेव्हा प्रभूने त्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या, असं म्हटलं. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ साली इंदुरात आलं. मिशनरी फर्लोवर, म्हणजे लांब रजेवर, मायदेशी जायचे, हे आपल्या घरांतल्या जुन्या माणसांनी ऐकलेलं आहे. मग आपल्या पाळकाने विसावा मागितला की कपाळाला आठी का पडावी? रविवार, मर्तिक, दवाखाना, समितीची भांडणं, हे सगळं एक माणूस वर्षानुवर्षं ओढत असतो. मला हे फार उशिरा कळलं, त्याचं आजही वाईट वाटतं.

पुढचं काम कागदाचं. बिशपसाहेबांची लेखी परवानगी घ्या. तारखा, पगार चालू राहील की नाही आणि प्रभारी पाळक कोण, या तिन्ही गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात. चेकवर पाळकांची सही लागत असेल तर ठराव करून दुसरी सही आधीच बँकेत नोंदवा, बँकेला वेळ लागतो. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या कुठल्या कपाटात आहेत, किल्ली कुणाकडे आहे, हे दोघांना तरी माहीत असू द्या. लग्नाच्या बाबतीत विशेष सांभाळा. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावण्याचा अधिकार प्रत्येकाला नसतो. या तीन महिन्यांत कुणाचं लग्न ठरत असेल, तर पत्रिका छापण्याआधी प्रभारी पाळकांशी बोलून घ्या.

काळ निवडताना दिनदर्शिका समोर ठेवा. उपवासकाळ (ईस्टरआधीचे आठवडे), पुनरुत्थानाचा सण म्हणजे ईस्टर आणि नाताळ सोडा. एप्रिल ते जून शाळाप्रवेशासाठी दाखले मागायला माणसं येतात. आम्ही जुलै ते सप्टेंबर धरले. पेंटेकॉस्टनंतर (हा सण ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येतो) आगमनकाळापर्यंत, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांपर्यंत, मोठे सण कमी असतात, ते सोयीचं पडलं.

आता आमच्यासारख्या गावांतली खास अडचण. इंदुरात प्रभारी म्हणून बहुधा हिंदी बोलणारे पाळक मिळतात. आमच्या आजींना हिंदी बाजारापुरती येते, पण प्रार्थना मराठीतच लागते. आम्ही असं ठरवलं : प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, महिन्यातून एकदा प्रभारी पाळक देतील, उपदेश हिंदीत चालेल. बाकी उपासनाक्रम, वाचनं आणि गीतं मराठीत, ती मंडळीतलीच माणसं चालवतील. त्यासाठी सहा जणांना तयार केलं. त्यांच्यापैकी एक ताई शाळेत शिकवतात, पण वेदीपाशी उभ्या राहिल्या की आवाज बसायचा. पाळकसाहेबांनी त्यांना रिकाम्या देवळात शेवटच्या बाकावर बसून चार शनिवार ऐकलं. असा सराव पाळक इथे असतानाच करून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो भेटींच्या वहीला. ही वही बहुतेक पाळकांच्या डोक्यात असते, ती कागदावर उतरवावी लागते. आमच्या साहेबांनी दोन संध्याकाळी बसून मला ती सांगितली, मी लिहून घेतली. सुदामानगरच्या आजी : गिळायला त्रास होतो, प्रभुभोजनाची भाकर द्राक्षारसात भिजवून द्यावी, उजव्या कानाशी बोलावं. छावणीतलं एक घर : घंटी वाजवू नये, मुलगा रात्रपाळी करून झोपलेला असतो. महूचे एक काका : मंगळवारीच जावं, त्या वारी पत्नी गेली. पंधरा वर्षं मी या लोकांच्या शेजारच्या बाकावर बसत होतो, आणि यातलं मला काहीएक ठाऊक नव्हतं.

विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी मात्र वहीत येता कामा नयेत. ज्यांनी मन मोकळं केलं असेल, त्यांनाच पाळकांनी विचारावं, "मी नसताना तुमच्याशी कुणी बोललेलं चालेल?" ती सांगतील ते नाव, तेवढंच.

मग वही वाटून घ्या. निर्गम १८मध्ये इथ्रो जावयाला, मोशेला, हेच सांगतो : एकट्याने करशील तर थकून जाशील, माणसं नेम. आम्ही मोहल्ल्यांप्रमाणे वाटणी केली. विजयनगरच्या माणसाला सुदामानगरची घरं दिली असती, तर आठवड्यानंतर तो गेला नसता. एकाकडे चार-पाच घरं पुरेत. प्रत्येक घरी पहिली भेट पाळकांसोबतच व्हावी, म्हणजे आजी नव्या माणसाला दारातून परत पाठवत नाहीत.

रात्री दोनला फोन कुणाला करायचा, हे प्रत्येक घरात लिहिलेलं हवं. आम्ही एका जाड कागदावर तीन नंबर छापले : मंडळीचे वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ), प्रभारी पाळक आणि दफनभूमीचं काम पाहणारे. कागद फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याच्या जागी, बायबल ठेवतो तिथे लावायला सांगितला. याआधी एकदा साहेब गावी गेले असताना मृत्यू झाला होता आणि कबर खणणाऱ्यांना कुणी कळवायचं यातच सकाळ गेली. त्या घरच्यांचे चेहरे मी विसरलेलो नाही.

पाळकांना फोन करण्याची मुभा फक्त एकाला द्या, शक्यतो सचिवांना. कुठल्या कारणासाठी करायचा, तेही आधी ठरवा. आमच्याकडे दोनच कारणं होती : साहेबांच्या स्वतःच्या कुटुंबावर आलेलं संकट आणि बिशपसाहेबांचा निरोप. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्यांनी तीन महिने बाहेर पडावं. याचा राग मानू नका, मानणाऱ्यांना घरी जाऊन समजवा.

पाळकबाईंविषयी, म्हणजे पाळकांच्या पत्नीविषयी, एक कळकळीची विनंती. त्या पार्सनेजमध्येच, म्हणजे पाळकांच्या निवासातच, राहणार असतील, तरी त्या पाळकांच्या जागी नाहीत. त्यांच्या दारावर अर्ज, निरोप, तक्रारी नेऊ नका. महिला मंडळाची सभाही त्या काळात दुसऱ्या कुणी चालवावी.

जाण्याआधीच्या रविवारी मंडळीने पाळकांसाठी प्रार्थना करावी आणि वेदीपुढे भेटींची वही वडिलांच्या हाती द्यावी. लोकांना ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पैशाची थैली द्यायचीच असेल तर प्रवासाला उपयोगी पडेल एवढी द्या, भाषणं मात्र दोनच ठेवा.

मध्यावर, दीड महिन्याने, समितीने अर्धा तास बसून कुठली घरं राहून गेली ते पाहावं. आमची महूकडची दोन राहिली होती, पावसाचं निमित्त होतं. पुढच्या मंगळवारी दोघं बसने गेले.

परत आल्यावर पहिल्या रविवारी पाळकांना मंडळीत बसून उपासना ऐकू द्या, उपदेश प्रभारींनीच करावा. पहिल्या आठवड्यात समितीची सभा ठेवू नका. तीन महिन्यांत कोण वारलं, कोण दवाखान्यात गेलं, कुणाकडे बाळ झालं, एवढं एका पानावर लिहून त्यांच्या हाती द्या. वही मागतील, तेव्हा द्या, पण घरं परत देऊ नका. सुदामानगरच्या आजींकडे अजून त्या शाळेतल्या ताईच जातात. साहेब महिन्यातून एकदा त्यांच्यासोबत असतात.