समासातल्या टिपा आणि तपासणीचा गठ्ठा

सोलापुरात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवायला लागले त्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात ८४ मुलं होती. पहिल्याच सत्रात गृहपाठांचा गठ्ठा घरी आणला. वीस-पंचवीस वह्या झाल्यावर लक्षात आलं, की मी एकच उत्तर पुन्हा पुन्हा वाचतेय. गाईडमधला तोच परिच्छेद, तीच चूक आणि त्याखाली माझा तोच लाल शेरा. मानधन मिळतं ते घेतलेल्या तासांचं. घरी रात्री जागून केलेली तपासणी कुठल्याच बिलात येत नाही. तुम्ही नव्याने रुजू होत असाल, तर हा गठ्ठा तुमच्याही वाट्याला येणार आहे, म्हणून माझा अनुभव जरा सविस्तर लिहितेय.

मार्ग सापडला तो सामूहिक टिपणाचा. पुस्तकाच्या समासात आपण पेन्सिलीने खुणा करतो, तसंच हे, फक्त समास सगळ्या वर्गाचा एकच. मूळ मजकुरातलं वाक्य निवडायचं, त्याला शंका किंवा मत जोडायचं. दुसऱ्याने त्याखालीच उत्तर द्यायचं. यासाठी मी दोन ऑनलाइन साधनं वापरते, हायपोथेसिस आणि पेरुसॉल. हायपोथेसिस हे मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि वेबवरच्या पानांवर टिपा करायला सोपं पडतं. पेरुसॉल हार्वर्डमध्ये जन्मलं, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर त्याच्या निर्मात्यांपैकी एक. स्वतःची पीडीएफ चढवायची असेल, तर ते बरं. मोठा वर्ग ते साधारण वीस-वीस जणांच्या गटांत आपोआप वाटतं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण ८४ जणांच्या गर्दीत लाजरं मूल तोंड उघडत नाही, तसंच लिहीतही नाही. पेरुसॉल टिपांना आपोआप गुणही देतं. मराठी टिपांसाठी ते गुण मी वापरत नाही, मुलांचे गुण माझ्या नजरेखालूनच जावेत असं मला वाटतं.

पहिला उतारा निवडला तो डॉ. आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणातला. २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य मानू आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र ते नाकारत राहू, असं ते तिथे बजावतात. चारच पानं. पहिल्या वेळी त्याहून जास्त देऊ नका.

आणि तिथेच अडलं. माझी पीडीएफ स्कॅन केलेली होती, म्हणजे अक्षरांचे नुसते फोटो. वाक्य निवडताच येईना. ती गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडली, तेव्हा अक्षरं सुटी झाली. जोडाक्षरं मात्र एकेक करून तपासावी लागली. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पीडीएफ असेल तर आणखी फसाल: पडद्यावर शुद्ध मराठी दिसतं, पण निवडून दुसरीकडे चिकटवलं की अगम्य चिन्हं उमटतात. उतारा वर्गाला देण्याआधी एक ओळ अशी चिकटवून बघा. एका मिनिटाचं काम आहे.

दुसरी अडचण मोबाइलची. आमच्या बहुतेक मुलांकडे फोनच आहे. हायपोथेसिसचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी, संगणकावरच्या क्रोममध्ये चालतं, फोनवरच्या क्रोममध्ये नाही. फोनसाठी त्यांच्या ‘व्हाया’ सेवेतून लिंक तयार करून द्या. शिवाय टीप लिहिण्याआधी वर खाजगी गट निवडायला शिकवा. नाहीतर ती सार्वजनिक होते, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाची कच्ची शंका साऱ्या जगाला दिसते. माझ्या वर्गात असं दोघांचं झालं. त्यात चूक माझी होती, मी आधी सांगायला हवं होतं.

आता कामाच्या भाराबद्दल. टिपणाच्या पहिल्या सत्रात तो वाढला. प्रत्येकी तीन टिपा सांगितल्या होत्या, म्हणजे २५२ टिपा, आणि मी प्रत्येकीला उत्तर देत बसले! तुम्ही हे करू नका. आता माझी पद्धत अशी: दोन टिपा स्वतःच्या, एक उत्तर दुसऱ्याच्या टिपेला. केलं की गुण, नाही केलं की नाही. बारीक वाचन दर आठवड्याला हजेरीपटातल्या २१ जणांचंच, चार आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. मुलांनी एकमेकांच्या शंका सोडवाव्यात म्हणून पहिला दिवसभर मी गप्प राहते. तासाच्या आदल्या रात्री अर्धा तास सगळ्या टिपांवरून नजर फिरवते आणि गर्दी कुठे झालीय ते बघते. दहा जणांनी एकाच वाक्यावर बोट ठेवलं असेल, तर उद्याचा तास तिथूनच सुरू होतो. वेगळ्या नोट्स काढाव्या लागत नाहीत. गृहपाठाचा तो गठ्ठा घरी येणं बंद झालं.

मुदत मात्र रात्रीची ठेवू नका. यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळच्या सत्राला येणारी मुलं इथे आहेत. मी रविवार संध्याकाळपर्यंत वेळ देते.

त्या भाषणावर एका मुलीने लिहिलेली टीप मला पाठ आहे. घरी तेलुगू बोलतात, वर्गात ती कधी बोलली नव्हती. ‘एक मूल्य’ या शब्दांवर तिने लिहिलं होतं: ‘आई विड्या वळती. हजाराच्या मागे पैसे. खराब म्हणून बाजूला काढलेल्याचे पैसे नाही, पण त्या विड्या परत पण देत नाही. मत तर तिचं पण एकच आहे ना मॅडम?’ शुद्धलेखन मी सुधारलं नाही. सकाळपर्यंत त्याखाली सहा उत्तरं आली होती. त्यातली दोन अशाच घरांतल्या मुलांची होती, आणि एकाने मजुरीच्या हिशेबाच्या कार्डाबद्दल विचारलं होतं. त्या दिवशी समतेची व्याख्या मी फळ्यावर लिहिली ती तासाच्या शेवटी, आणि तीही मुलांनी सांगितलेली.

दर वर्षी तोच उतारा मी नव्या गटात, कोऱ्या समासासह देते. जुन्या टिपा दिसू दिल्या, तर त्यांचंही गाईड होईल. ती टीप मी वहीत उतरवून ठेवली आहे, वर्गाला दाखवत नाही.