जुनी मियाटा घेताय? आधी ग्लासभर पाणी ओता

आई सांगलीहून न्यू जर्सीला आली तेव्हा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "अगं, एवढ्या पैशात मागे चार माणसं बसतील अशी नाही का मिळाली?" नाही मिळाली. मिळाली ती १९९६ची माझदा मियाटा, दोनच सीटची, कापडी छपराची, पहिल्या पिढीतली, १.८ लिटरची. बटण दाबलं की बॉनेटमधून डोळे, म्हणजे हेडलाइट, वर येतात. आज आठ वर्षं सांभाळतेय.

तुम्हीही घेणार असाल तर इंजिनाचा आवाज नंतर ऐका. खिशात लोहचुंबक घालून जा. दाराखालचा पत्रा, ज्याला इथे सिल म्हणतात, तो मागच्या चाकाच्या अलीकडे संपतो तिथे चुंबक टेकवा. चिकटला नाही तर रंगाखाली पुट्टी आहे. चहा प्या आणि घरी या.

हिवाळ्यात बर्फ वितळवायला इथे रस्त्यावर मीठ टाकतात, सगळे त्यालाच शिव्या देतात. मीठ वाईटच, पण ही गाडी बरेचदा आतून सडते. कापडी छपरावरचं पाणी मागच्या बाजूला एका पन्हळीत उतरतं आणि दोन्ही सीटमागच्या नळ्यांतून खाली जातं. पानांचा चुरा नि माती बसून नळी तुंबली की तेच पाणी सिलमध्ये शिरतं, आणि बाहेर रंग चकचकीत असताना आत गंज धरतो.

म्हणून वर्षातून दोनदा हे करा. छप्पर अर्धं उचला. सीटबेल्टच्या खांबामागे टॉर्च मारलीत की नळीचं तोंड दिसेल. वरचा कचरा बोटांनी काढा, मग हळूहळू ग्लासभर पाणी ओता आणि गाडीखाली वाकून बघा. मागच्या चाकाच्या पुढे धार पडली तर उत्तम. थेंब थेंब पडत असेल तर गवत कापायच्या ट्रिमरची जाड नायलॉन दोरी घ्या, टोक लायटरने गोल करा आणि फिरवत फिरवत आत सोडा. तार नको. मी पहिल्या वर्षी कपड्यांच्या हँगरची तार सरळ करून खुपसली, नळी खालून निसटली, आणि ती परत बसवण्यात अख्खा शनिवार-रविवार गेला. तुंबलेली नळी मोकळी होताना आधी काळं पाणी येतं, कुजलेल्या पानांच्या वासाचं. तो वास मला आता आवडायला लागलाय, काय करणार.

छप्पर खाली करताना मागच्या प्लास्टिकच्या काचेची चेन आधी उघडा, काच सपाट आडवी पाडा, वर जुना टॉवेल घाला, मगच घडी. कडाक्याच्या थंडीत तर छपराला हातच लावू नका. प्लास्टिक ताठरतं आणि घडीवर तडकतं.

एकदा इंजिनाच्या मागून तेल गळायला लागलं. एका मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवून इंजिनाच्या मागच्या टोकाचं, तेल अडवणारं रबरी सील बदलावं लागेल म्हणून हजार डॉलरच्या वरचा आकडा सांगितला. मी जरा वर बघितलं. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर असतो. त्याची ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, कडक होते आणि तेल ओघळून नेमकं गिअरबॉक्सच्या तोंडाशी येतं. रिंग पाच डॉलरच्या आत. बोल्ट मात्र अशा बोळात की मनगट सोलवटलं. सेन्सर काढण्याआधी पांढऱ्या पेनने खुणेची रेघ मारा, कारण तो फिरला की इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बदलतं.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा, ६०,००० मैलांना बदला. तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह वाकत नाहीत, पण तुम्ही हायवेच्या कडेला उभे राहाल. तेवढं सगळं उघडलंच आहे तर वॉटर पंपही बदलून टाका. क्लचचं पेडल मऊ लागलं तर गिअरबॉक्सच्या बाजूचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा छोटा सिलिंडर, ओला आहे का बघा. टायरमध्ये हवा २६ पीएसआय. पंपावरचा पोरगा ३५ भरायला बघतो, भरू देऊ नका.

बॅटरी डिकीत असते, म्हणून सीलबंद आणि वाफ बाहेर नेणाऱ्या नळ्यांचीच घ्या. साधी स्वस्तातली बसवलीत तर आम्लाची वाफ डिकीचा पत्रा खाते.

डिसेंबरात पहिलं मीठ पडलं की माझी गाडी गॅरेजात. टाकी भरलेली, बॅटरीला मेंटेनर, म्हणजे ती उतरू न देणारा छोटा चार्जर, लावलेला, हँडब्रेक सोडून गिअरमध्ये. मार्चमध्ये बर्फ संपला तरी काढत नाही. दोन मोठे पाऊस पडून रस्ता धुतला जाऊ देते, मग ग्लास भरून घेते.