फुलपाखराचा जवळून फोटो: सगळा खेळ दोन मिलिमीटरचा

मॅक्रो लेन्स लावूनही एक पंख खणखणीत आणि दुसरा धुरकट येतो, तेव्हा दोष सहसा लेन्सचा नसतो. दोन सेंटिमीटरचं फुलपाखरू सेन्सरवर एक सेंटिमीटर उमटेल इतकं जवळ गेलं, की एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एफ/८ अ‍ॅपर्चरला (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) जेमतेम दोन मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एफ/११ केलं तर अडीचेक मिलिमीटर. एफ/१६ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो. त्यामुळे अ‍ॅपर्चरशी झगडण्यापेक्षा फुलपाखरू त्या दोन मिलिमीटरांत बसवा, म्हणजेच सेन्सर पंखांना समांतर धरा.

पंख मिटून बसलं असेल तर अगदी बाजूने, त्याच्याच उंचीवर या. एकदांडीच्या फुलावर येणारी छोटी ‘ब्लू’ फुलपाखरं जमिनीपासून वीतभर उंच असतात. त्यांच्यासाठी आडवं व्हावं लागतं किंवा फिरणारी स्क्रीन उघडून कॅमेरा गवतात टेकवावा लागतो. कोकणात आणि सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) आडवं होण्याआधी आजूबाजूचे दगड आणि वाळकं गवत काठीने चाळून बघा. फुरसं हा विषारी साप तिथेच असतो आणि सहजासहजी दिसत नाही. पंख पसरून ऊन खाणाऱ्या पॅन्सी फुलपाखराचा फोटो वरून घ्यायचा, पण आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. सावली पडली की ते उडालंच.

लेन्स ९० ते १०५ मिमीची सोयीची. ती एकास एक मॅग्निफिकेशनपर्यंत (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटेपर्यंत) जाते, पण तेव्हा लेन्सच्या टोकापासून फुलपाखरू १५ सेंटिमीटरच्या आसपास येतं आणि इतकं जवळ गेल्यावर ते थांबत नाही. निम्मं मॅग्निफिकेशन बहुतेकांना पुरतं. ब्लू मॉरमॉनसारख्या तळहाताएवढ्या फुलपाखराला तर त्याहूनही कमी. मॅक्रो नसेल तर ७०-३०० झूमला +२ डायऑप्टरची (डायऑप्टर म्हणजे भिंगाची ताकद) क्लोज-अप लेन्स पुढे लावा. फोकस अनंतावर ठेवलं तर अर्ध्या मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. ५० मिमीला २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्समध्ये बसणारी पोकळ नळी) लावूनही निम्मं मॅग्निफिकेशन मिळतं आणि खर्चही कमी, पण वीतभरही अंतर उरत नाही. फुलासाठी ठीक, फुलपाखरासाठी नाही.

शटर १/२५० सेकंदाहून संथ ठेवू नका. वारा असेल तर १/५०० आणि गरजेप्रमाणे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० ते ८००. थोडी रवाळ चित्रं चालतात, हललेली नाहीत. एक फसगत मात्र हमखास होते: ‘ब्लू’ कुळातली फुलपाखरं बसल्यावर मागचे पंख वरखाली घासतात. शेपटाजवळचे काळे ठिपके आणि बारीक शेपट्या खोट्या डोक्यासारख्या हलतात. पक्षी चोच मारायचा तो तिथे. फोटोत डोळा धारदार, पण शेपट्या पुसलेल्या दिसतात. घासणं थांबण्याची वाट बघा.

ऑटोफोकसचा एकच पॉइंट डोळ्यावर ठेवा. अगदी जवळ फोकस मागेपुढे शोधत बसला तर मॅन्युअल करा, मॅग्निफिकेशन ठरवून रिंगला हात लावू नका आणि अंगानेच केसभर पुढेमागे डोलत तीन-चार फ्रेम्सचा मारा करा.

जवळ जाण्याची वेळ सकाळची. सह्याद्रीत पाऊस ओसरल्यापासून नोव्हेंबरपर्यंत उत्तम हंगाम. ऊन अंगावर आल्यावर फुलपाखरं आधी पंख तापवतात, तोपर्यंत उडण्याची घाई नसते. साडेनऊ-दहानंतर ती फुलावर येतात. सोंड फुलात गेली की एक पाऊल टाका, सोंड गुंडाळली की थांबा. त्यांना जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, त्यामुळे ‘मागून गेलं की कळत नाही’ हा भ्रम सोडा. हालचाल संथ असणं महत्त्वाचं. पहिला फोटो लांबूनच घेऊन ठेवा.

मार्च-एप्रिलमध्ये आटत्या ओढ्याच्या ओल्या मातीवर नर क्षार शोषायला घोळक्याने बसतात. तिथे घोळक्यात घुसू नका. कडेला खाली बसून राहिलात तर उडालेली परत येतात, कधी तुमच्या घामेजल्या हातावरही.

एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) किती कमी-जास्त करायचा हे फुलपाखराच्या रंगावर नाही, चौकटीतल्या त्याच्या वाट्यावर ठरतं. गर्द हिरव्यात छोटंसं पांढरं कॉमन पिएरो फुलपाखरू असेल तर कॅमेरा ते जाळतो, म्हणजे पांढरंफटक करतो; एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -०.७ द्या. तेच चौकट भरून घेतलं तर राखाडी पडतं, तेव्हा +०.७. ब्लू मॉरमॉनच्या काळ्या पंखांनी चौकट भरली की पुन्हा उणे, नाहीतर काळा रंग फिकट करडा दिसतो.

फ्रीजमध्ये थंड करून किंवा पकडून बसवलेली फुलपाखरं जाणकाराला लगेच कळतात: पायांनी काही धरलेलं नसतं, पंखांचा बाक अनैसर्गिक असतो. त्या वाटेला जाऊच नका.

आणि ओळख पटवायची असेल तर दोन्ही बाजू टिपा. ‘ब्लू’ आणि स्किपर कुळातली फुलपाखरं बहुधा पंखांच्या खालच्या बाजूवरून ओळखतात. पंखांच्या वरच्या बाजूचा कितीही सुंदर फोटो असला तरी नाव अडून बसतं.