जखमेचे सक्शन मशीन गावात सांभाळताना

पोटाच्या ऑपरेशनचे टाके उसवलेल्या किंवा मधुमेहामुळे पायाची जखम रेंगाळलेल्या काही रुग्णांना नागपूर-सेवाग्रामकडून गावी परतताना ऋण दाबाचे, म्हणजे बोलीत सक्शनचे, मशीन सोबत मिळते. ड्रेसिंग बसवणे हे डॉक्टर आणि सिस्टरांचे काम आहे. घरच्यांनी ते हवाबंद आणि चालू ठेवायचे असते, आणि वीज बेभरवशाची असलेल्या गावात तेच जास्त अवघड जाते.

जखमेच्या मापाने कापलेला स्पंज आत ठेवून त्यावर पारदर्शक चिकट पडदा लावतात आणि नळीवाटे हवा ओढतात. दाब बहुधा उणे १२५ मिलिमीटर पारा ठेवतात. तो घरी बदलू नये. या ओढीमुळे स्राव डब्यात जातो, सूज उतरते, कडा जवळ येतात आणि तळातून नवे लालसर मांस भरू लागते. मृत काळे मांस, कर्करोग, उपचार न झालेला हाडाचा जंतुसंसर्ग किंवा उघडी रक्तवाहिनी असलेल्या जखमेला हे मशीन लावत नाहीत.

मशीन चालू असताना स्पंज मनुक्यासारखा आकसलेला आणि हाताला टणक लागला पाहिजे. तो फुगला किंवा शिटीसारखा आवाज आला, तर कुठेतरी हवा शिरते आहे असे समजावे. मे महिन्यात घामाने पडद्याची कड हमखास सुटते. तेथे रुग्णालयातून मागून आणलेल्या पडद्याचाच तुकडा चिकटवावा.

२४ तासांत सगळे मिळून २ तासांहून अधिक वेळ मशीन बंद राहिले, तर स्पंज आत ठेवू नये, कारण ओढ थांबली की ओला स्पंज जंतूंचे घर होतो. अशा वेळी जवळच्या आरोग्य केंद्रात तो काढून सलाईनने भिजवलेल्या गॉजचे ड्रेसिंग करून घ्यावे. म्हणूनच बॅटरी किती तास टिकते हे सुट्टी होण्यापूर्वीच विचारावे, आणि वीज आली की मोबाइलआधी मशीन चार्जिंगला लावावे.

ड्रेसिंग साधारणतः ४८ ते ७२ तासांनी बदलतात. आत किती स्पंज आहेत तो आकडा पडद्यावर लिहून घ्यावा आणि काढताना तितकेच मोजावेत, कारण राहून गेलेला एक तुकडाही जखम चिघळवतो.

नळीत एकाएकी ताजे लाल रक्त दिसले, तर मशीन ताबडतोब बंद करावे, ड्रेसिंग न काढता वरून तळहाताने दाबून धरावे आणि १०८ ला फोन करावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास हा धोका वाढतो, त्यामुळे ती आधीच डॉक्टरांना सांगावी.

भरलेला डबा उकिरड्यावर टाकू नये. पुढच्या ड्रेसिंगला जाताना पिशवीत बांधून रुग्णालयात परत द्यावा.