ऑन्टारिओत पहिलं घर घेतलंत? आता जरा बाहेरचं बघा

कॅनडात टोरंटोजवळच्या मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन या पट्ट्यात नवं घर घेणारी आपली मंडळी फोन करतात तेव्हा विचारतात ते सगळं आतलं. मॉर्गेजचा दर काय पडला, घर गरम ठेवणारा फर्नेस बदलू का, देवघर कुठल्या भिंतीला करू. बाहेरचं कोणी विचारत नाही. पुण्या-ठाण्यात ते सोसायटी बघत होती, महिन्याचा मेंटेनन्स भरला की आपण मोकळे. इथे डिटॅच्ड (सुटं घर) किंवा सेमी (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक) घेतलं की चेअरमन, सेक्रेटरी आणि वॉचमन तिन्ही पदं तुमच्याकडेच.

घराबाहेरच्या प्रत्येक कामाला इथे एक कंपनी आहे आणि तिचं पत्रक दर आठवड्याला दारात पडतं. सगळीच कामं देऊन बसलात तर मॉर्गेज भरायला पैसे उरायचे नाहीत. माझा हिशेब दोन गोष्टींवर चालतो: पाणी आणि उंची. ज्या कामात हयगय केली तर पाणी छतात, भिंतीत किंवा बेसमेंटमध्ये शिरेल ते काम पुढे ढकलायचं नाही. ज्याला दुमजली शिडी लागते ते स्वतः करायला जायचं नाही, त्याचे पैसे मोजायचे. बाकीचं बरंचसं दिसण्यापुरतं असतं, सवडीने करा.

पाण्याला इतका भाव देण्याचं कारण इथली थंडी. हिवाळाभर पारा शून्याच्या वरखाली करत राहतो. विटांच्या सांध्यात, काँक्रीटच्या भेगेत शिरलेलं पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं आणि भेग आणखी रुंद करतं, पुढच्या वेळी तिथे जास्त पाणी शिरतं. कोकणात मृगाआधी आगोटीची कामं उरकतात, तशी घाई इथे वर्षातून दोनदा: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि बर्फ गेल्यावर एप्रिल-मेमध्ये.

सगळ्यात आधी ईव्हस्ट्रॉफ, म्हणजे छताच्या कडेची पन्हाळ. शेजारी मेपलचं झाड असेल तर एका मोसमात तिच्यात पानं, मेपलच्या पंखांच्या बिया आणि शिंगल्सची (छतावरच्या डांबरी पट्ट्यांची) झडलेली वाळू यांचा काळा चिखल साठतो. वसंतात त्यातून मेपलची रोपं डोकं वर काढतात, मग खालूनसुद्धा कळतं की साफ झालेली नाही. सफाई पानं पूर्ण गळून गेल्यावर, नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास करून घ्या. ऑक्टोबरात स्वस्त देतो म्हणणाऱ्याला होकार दिलात तर पंधरा दिवसांत पुन्हा भरते. काम झाल्यावर पन्हाळीचे आधीचे आणि नंतरचे फोटो मागा, चांगले लोक न मागता पाठवतात. उभ्या पाईपातून पाणी जातंय का, हे होज (पाण्याची नळी) लावून दाखवायलाही सांगा. पाईपाचं तोंड भिंतीपासून सहा फूट तरी लांब सोडलेलं हवं. जुलै 2013 मध्ये टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर एका दिवसात 126 मिलिमीटर पाऊस झाला आणि 16 जुलै 2024 ला जवळपास 98. दोन्ही वेळा गावभर बेसमेंटं पाण्यात गेली. अशा वेळी छताचं पाणी तरी आपल्याच पायाशी पडायला नको.

हिवाळ्यात पन्हाळीवरून बर्फाचे लांब सुळे लोंबतात. फोटो छान येतो, पण ते दुखण्याचं लक्षण असू शकतं. अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या पोकळीत, इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर) कमी असेल तर घरातली ऊब छताला लागते, वरचा बर्फ वितळतो आणि कडेला येऊन पुन्हा गोठतो. त्या बांधामागे तुंबलेलं पाणी शिंगल्सखालून आत उतरतं. हातोडी घेऊन बर्फ फोडत बसू नका, शिंगल्स फुटतील. उन्हाळ्यात अ‍ॅटिक बघून घ्या.

पहिल्या कडाक्याआधी बाहेरच्या नळाचं काम आटपा. होज काढा, बेसमेंटमधला व्हॉल्व्ह बंद करा, बाहेरचा नळ उघडून उरलेलं पाणी सोडून द्या. दहा मिनिटांचं काम आहे. ‘फ्रॉस्ट-फ्री’ नळ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, होज तसाच लटकत ठेवला तर तोही फुटतो. आणि नळ फुटल्याचं कळतं ते मे महिन्यात, पहिल्यांदा सोडल्यावर भिंतीच्या आत पाणी धो धो वाहू लागतं तेव्हा.

आता बर्फ. सीझनचा करार करायचा तर ऑक्टोबर संपायच्या आत करा, पहिल्या वादळानंतर कोणी फोन उचलत नाही. दरापेक्षा अटी बारकाईने वाचा. किती सेंटिमीटर पडल्यावर माणूस येणार? बरेच जण पाचच्या खाली फिरकत नाहीत. बर्फ थांबल्यावर किती तासांत? दारापर्यंतची पायवाट धरली आहे का? मीठ त्यातच की वेगळं? आणि मुख्य म्हणजे विंडरो. रस्त्यावरून महापालिकेचा बर्फ सारणारा नांगर गेला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा आडवा बांध पडतो. तो भुसभुशीत नसतो. मिठाचं पाणी, माती, गोठलेले गठ्ठे, रात्रभरात दगड होतो. कंत्राटदार पहाटे चारला येऊन गेला आणि नांगर सहाला आला तर तुमची गाडी आतच अडकली. म्हणून नांगर गेल्यावर दुसरी फेरी मारणार का, हे लिहून घ्या. पैसे हप्त्यांनी द्या. आमच्या गल्लीतल्या एका घराने सगळी रक्कम आगाऊ मोजली होती, जानेवारीनंतर त्या माणसाचा फोनच लागेना.

स्वतः काढणार असाल तर पडत असतानाच दोन-तीनदा काढा, ओला बर्फ उचलण्यापेक्षा ढकला. पन्नाशीच्या पुढच्यांनी आणि हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी इथे मर्दुमकी दाखवू नये. काढलेला बर्फ रस्त्यावर लोटू नका, ते बेकायदा आहे. साधं मीठ उणे दहाच्या खाली फारसं चालत नाही, तेव्हा कॅल्शियम क्लोराइड घ्या किंवा नुसती वाळू टाका. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ नकोच. फुटपाथ कोणी साफ करायचा हे गावागणिक बदलतं, आपल्या गावच्या 311 या चौकशीच्या फोन नंबरवर विचारून घ्या. फर्नेसचे पांढरे पाईप भिंतीतून बाहेर आलेले असतात, वादळानंतर त्यांच्या तोंडावरचा बर्फ आधी बाजूला करा. ते बुजले तर फर्नेस बंद पडतो, किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात येतो.

अजून भाड्याने, बेसमेंटमध्ये राहत असाल तर हे वाचाच. लीजमध्ये ‘बर्फ भाडेकरूने काढायचा’ असं लिहिलेलं असतं आणि आपण मान डोलावून सही करतो. ऑन्टारिओच्या कायद्याप्रमाणे ती जबाबदारी मालकाची. 2009 मध्ये माँटगोमरी विरुद्ध व्हॅन या खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं की लीजमधल्या नुसत्या अशा कलमाने ती भाडेकरूवर येत नाही, त्यासाठी मोबदल्यासह वेगळा करार हवा. भांडायला जाऊ नका, पण भाड्यात काही सूट मागायला हरकत नाही.

वसंतात दारावर टकटक सुरू होते. ‘शेजारच्या गल्लीत काम चालू आहे, डांबर उरलंय, तुमचा ड्राइव्हवे आजच्या आज अर्ध्या किमतीत करून देतो.’ नाही म्हणा आणि दार लावा. ते उरलेलं बहुधा पातळ केलेलं काळं पाणी असतं, दोन पावसांत धुऊन जातं. ड्राइव्हवेला सीलरचा काळा थर खरंच द्यायचा असेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा, कोरड्या दिवशी, पारा दहाच्या वर असताना. दारात सही केलीच असेल तर घाबरू नका. पन्नास डॉलरच्या वरच्या अशा करारातून दहा दिवसांत कारण न देता बाहेर पडता येतं. फर्नेस, एसी, वॉटर हीटर, डक्ट (घरभर हवा नेणारे नळ) सफाई यांचे करार न बोलावता दारात येऊन करायला तर 1 मार्च 2018 पासून बंदीच आहे. आपली माणसं नको म्हणायला संकोचतात, चहासुद्धा विचारतात. इथे संकोच महागात पडतो.

घर धुऊन देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: व्हिनाइल साइडिंगवर (भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर) पाणी कसं मारणार? वरून खाली, कमी दाबाने म्हणाला तर ठीक. खालून वर जोरात मारलं की पाणी पट्ट्यांच्या मागे शिरतं आणि तिथे बुरशी धरते. जुन्या विटांच्या सांध्यांवर तर जोराचा फवारा नकोच. शिडीवर चढणाऱ्याकडे लायबिलिटी विमा आहे का, त्याचा कागद बघा. ‘कॅश दिलेत तर एचएसटी नाही’ म्हणजे 13 टक्के विक्रीकर वाचतो खरा, पण पावती नाही, आणि पावती नाही तर उद्या भांडायला हातात काही नाही.

लॉनचा मी फार विचार करत नाही. टोरंटोत गवत 20 सेंटिमीटरच्या वर गेलं की नोटीस येऊ शकते, तेवढं सांभाळा. डँडेलियनवर (पिवळ्या फुलांच्या तणावर) जालीम औषध शोधू नका, शोभेसाठी तसली फवारणी 2009 पासून बंद आहे. पावसानंतर मुळासकट उपटा, सप्टेंबरात बी टाका. पालापाचोळा कागदी पिशव्यांतून ठेवा, प्लास्टिकच्या पिशव्या गाडीवाला उचलत नाही.

कुंपणाचे खांब किंवा डेक (लाकडी ओटा) करायचा विचार असेल तर खणण्याआधी ऑन्टारिओ वन कॉलला कळवा. गॅस, वीज, केबल कुठून गेली आहे ते फुकट आखून देतात, आणि कळवणं कायद्याने सक्तीचं आहे. निदान आठवडाभर आधी कळवा, आणि अंगणात रंगीत खुणा पडेपर्यंत कंत्राटदाराला फावडं लावू देऊ नका, तो कितीही म्हणाला की ‘मी इथे वीस वर्षं खणतोय.’