असिन्या घेताना आधी उजेड बघा

चोर बाजारात फ्रेंच राज्यक्रांतीतली कागदी नोट, म्हणजे असिन्या (१७८९-९६), समोर आली तर आधी ती उजेडासमोर धरा. खऱ्या कागदात बहुधा जलचिन्ह दिसतं. मग मोबाईलचा टॉर्च आडवा मारा. बऱ्याच नोटांवर बिनशाईचा, दाबून उठवलेला शिक्का असतो, तो सावलीत वर येतो. त्या काळी इंग्लंडमध्येही बनावट असिन्या तयार झाल्या होत्या. तशी जुनी बनावट नोटही मी आनंदानं जमवेन, पण बनावट म्हणूनच. घडी, फाटका कोपरा चालेल. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबातच नको! मुंबईच्या पावसाळ्यात नोट पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवा, जवळ सिलिका जेलची पुडी, आणि कपाट ओल्या भिंतीपासून लांब.